तीनशेला तीन कमी : स्पर्धापरीक्षा आणि बीजगणितातील ओळख



खानदेशात चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे एक प्राचीन स्थान आहे. तेथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांनी रचलेल्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने तेथे एक मठ स्थापन केला आणि इ. स. १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळाले, अशी नोंद त्या लेखात आहे. ग्रंथ जपण्यासाठी राजे-सरदारांनी देणग्या दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ग्रंथ शिकवले जावेत म्हणून जमीन तोडून दिल्याचे हे उदाहरण मात्र विरळा, आणि ते गणिताच्या ग्रंथांचे आहे. शंभर वर्षे पुस्तके सांभाळून ती वाचकांच्या हाती देत आलेल्या संस्थेच्या सभागृहात त्या मठाचे स्मरण अस्थानी ठरू नये.

त्या मठात मुलांना काय शिकवीत असतील, याची कल्पना 'लीलावती'वरून करता येते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. 'लीलावती'त वर्ग कसा करावा याचे नियम दिल्यावर आचार्य चार संख्यांचे वर्ग विचारतात. पहिल्या दोन संख्या सरळ आहेत : ९ आणि १४. तिसरी संख्या २९७ आहे; पण ती ते 'तीनशेला तीन कमी' अशा शब्दांत सांगतात. चौथी १०००५ आहे. तिला ते 'दहा हजारांवर पाच' म्हणतात.

छंदाच्या सोयीसाठी संस्कृत गणितग्रंथांत संख्या नाना वळणांनी सांगितल्या जातात, हे खरे. तरी येथे वळण निव्वळ छंदाचे वाटत नाही. कारण नुकताच सांगितलेला एक नियम असा आहे : ज्या संख्येचा वर्ग हवा तिच्यात एखादी सोयीची संख्या मिळवावी, तीच संख्या तिच्यातून वजाही करावी, आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करावा आणि त्यात सोयीच्या संख्येचा वर्ग मिळवावा. २९७ मध्ये ३ मिळवले की ३००, वजा केले की २९४. त्यांचा गुणाकार ८८२००, त्यात ९ मिळवले की ८८२०९. पाटी-लेखणीची गरजच उरली नाही. १०००५ चेही तसेच. ५ वजा केले की दहा हजार, ५ मिळवले की दहा हजार दहा. गुणाकार करून २५ मिळवले की दहा कोटी एक लाख पंचवीस. प्रश्न विचारण्याच्या रीतीतच उत्तराकडे पाहण्याची दृष्टी ठेवलेली आहे. २९७ असे लिहिले तर मुलगा गुणाकार मांडील. तीनशेला तीन कमी म्हटले तर तो क्षणभर थांबून पाहील.

आजच्या शाळेत याच नियमाला 'दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव' म्हणतात आणि ते अ, ब या अक्षरांत लिहितात. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत. एकाहून अधिक अज्ञात राशी असल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. मात्र 'बीजगणित' ग्रंथात त्यांनी स्पष्ट बजावले आहे की, अक्षरे आणि रंग म्हणजे बीजगणित नव्हे, बुद्धी हेच खरे बीज आहे. साडेआठशे वर्षांनंतरही या वाक्याला सोडचिठ्ठी देण्याचे धैर्य कोणत्याही शिक्षकाला व्हायचे नाही; मात्र ते पाळण्याचे धैर्य किती परीक्षांना होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

गावोगावच्या ग्रंथालयांच्या अभ्यासिकांत आज जी मुले-मुली सकाळपासून बसलेली दिसतात, त्यांच्यापुढे कथा-कादंबऱ्या नसतात. स्पर्धापरीक्षांची जाडजूड मार्गदर्शके असतात. उदाहरणादाखल केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठी असलेली परीक्षा घ्यावी. तिच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवावे लागतात, त्यांपैकी २५ गणिताचे. म्हणजे सरासरीने एका प्रश्नाला ३६ सेकंद. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. प्रश्नाखाली चार पर्याय असतात. मांडणी कोणी मागत नाही आणि कोणी वाचतही नाही.

अशा परीक्षेतला एक नेहमीचा प्रश्न असा : क्षचा वर्ग, त्यातून ३ क्ष वजा, त्यात १ मिळवला की शून्य येते, तर क्षचा घन आणि क्षच्या व्यस्ताचा घन यांची बेरीज किती? शाळेत प्रामाणिकपणे शिकलेला विद्यार्थी वर्गसमीकरण पाहताच सूत्र लावतो. त्याला क्षची किंमत मिळते ती अशी : ३ मध्ये पाचाचे वर्गमूळ मिळवून किंवा वजा करून दोनाने भागलेली संख्या. मग तो त्या करणीचा घन करायला बसतो, व्यस्त काढतो, छेदाचे परिमेयीकरण करतो. उत्तर बरोबर येते. पण तोवर पाच-सहा मिनिटे गेलेली असतात आणि दहा प्रश्न हातचे निसटलेले असतात.

शेजारच्या बाकावरची मुलगी क्षची किंमत काढतच नाही. प्रश्नात क्ष मागितलेलाच नाही, हे तिने प्रथम पाहिलेले असते. मागितली आहे ती क्ष आणि त्याच्या व्यस्ताने मिळून बनलेली एक राशी. म्हणून ती समीकरणाला क्षने भागते. लगेच दिसते : क्ष + १/क्ष = ३. आता ३ चा घन २७. त्यातून तीन वेळा ३, म्हणजे ९, वजा केले की १८. झाले उत्तर. तीस सेकंदसुद्धा लागत नाहीत.

या मुलीने युक्ती केली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. शिकवणी वर्गांच्या भाषेत तर हिला 'ट्रिक' म्हणतात. तो शब्द येथे अन्यायाचा आहे. क्ष आणि १/क्ष यांचा गुणाकार नेहमी १ असतो, म्हणून त्यांची बेरीज कळली की त्यांच्या वर्गांची, घनांची, कोणत्याही घाताची बेरीज कळते, हे तिला ठाऊक आहे. हे ज्ञान आहे, हातचलाखी नव्हे. तिला पुढे जायचे असेल तर वाट मोकळी आहे. बेरीज ३, वर्गांची ७, घनांची १८. पुढची प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या संख्येची तिप्पट उणे तिच्या आधीची संख्या. तीन गुणिले १८ उणे ७ म्हणजे ४७. तीन गुणिले ४७ उणे १८ म्हणजे १२३. हीच ३, ७, १८, ४७, १२३ ही माळ फ्रेंच गणिती ल्यूका यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ या श्रेणीत एकाआड एक बसलेली आढळते. जेथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते, अशा मोजणीचा विचार भास्कराचार्यांच्याच काळात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी छंदःशास्त्रात केला होता. मात्रा मोजता मोजता तो नियम त्यांच्या हाती आला. परीक्षेच्या खोलीत हे आठवून उपयोग नाही; अभ्यासिकेतल्या एखाद्या निवांत दुपारी मात्र आठवावे.

ओळख वरच्या वेषावर अवलंबून नसते, हे 'लीलावती'तल्या तीन गोष्टींवरून फार चांगले समजते. पहिली बांबूची. बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? दुसरी मोराची. नऊ हात उंच खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे, खांबावर मोर बसला आहे. सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणारा साप त्याला दिसला आणि त्याने तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती अंतरावर गाठ पडली? तिसरी कमळाची. पाण्यावर अर्धा हात वर आलेली कळी वाऱ्याने हलत हलत दोन हातांवर पाण्यात बुडाली. तळे किती खोल?

बांबू, साप आणि कमळ यांत सामाईक काय आहे? मुलांना विचारले तर ती म्हणतील, काटकोन त्रिकोण. ते बरोबरच आहे, पण तेवढे पुरत नाही. तिन्ही ठिकाणी कर्णाच्या वर्गातून एका बाजूचा वर्ग वजा केला की उरलेल्या बाजूचा वर्ग येतो आणि तो दिलेला आहे. बांबूत कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज ३२ ठाऊक आहे. सोळाचा वर्ग २५६. त्याला ३२ ने भागले की ८, म्हणजे त्यांची वजाबाकी. बेरीज ३२, वजाबाकी ८. म्हणून २० आणि १२. बांबू बारा हातांवर मोडला. मोराच्या गोष्टीत बेरीज २७ आहे, कारण सापाने कापलेले अंतर म्हणजेच मोराच्या झेपेचा कर्ण. नवाचा वर्ग ८१, भागिले २७ म्हणजे ३; संख्या १५ आणि १२. गाठ बिळापासून बारा हातांवर. कमळात बेरीज नसून वजाबाकी दिली आहे, कारण देठ खोलीपेक्षा अर्ध्या हाताने लांब आहे. दोनाचा वर्ग चार, त्याला अर्ध्याने भागले की आठ. बेरीज आठ, वजाबाकी अर्धा. देठ सव्वाचार हात आणि खोली पावणेचार हात.

तिन्ही गणितांत वर्गसमीकरण सोडवावे लागले नाही. जो नियम २९७ च्या वर्गात होता, तोच बांबूत, तोच सापात आणि तोच तळ्याच्या पाण्यात. आजच्या प्रश्नपत्रिकेत ८७ चा वर्ग उणे १३ चा वर्ग किती असे विचारतात, तेव्हाही तोच असतो : शंभर गुणिले चौऱ्याहत्तर, म्हणजे ७४००. ज्या मुलाने तळ्याची गोष्ट मनात रंगवून सोडवली आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा चेहरा पाहावा तसा दिसतो. ज्याने सूत्रांची यादी पाठ केली आहे, त्याला तो यादीतला कितवा हे शोधावे लागते. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत उपलब्ध आहे. मार्गदर्शकांच्या फळीवरच त्याची एक प्रत ठेवण्यास कोणत्याही ग्रंथपालाची हरकत नसावी.

याचा अर्थ पाठांतर त्याज्य, असा मात्र मुळीच नाही. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी मुलांकडून संध्याकाळी मोठ्याने म्हणवून घेत. त्या परवच्याची पुढे बरीच टवाळी झाली. पण औट म्हणजे साडेतीन हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याचे मन पुढच्या गोष्टीकडे पाहायला मोकळे असते. बीजगणितातील आठ-दहा नित्यसमानताही तशाच जिभेवर असायला हव्यात. तीन संख्यांची बेरीज शून्य असेल तर त्यांच्या घनांची बेरीज त्यांच्या गुणाकाराच्या तिप्पट असते, हे पाठ असेल तरच २५ चा घन अधिक ५० चा घन उणे ७५ चा घन हे पाहताच २५ आणि ५० मिळून ७५ होतात हे डोळ्यांत भरेल आणि उणे २,८१,२५० हे उत्तर एका ओळीत मिळेल. त्याच प्रश्नात ७५ च्या जागी ७६ आले, की मात्र नियम लागू पडत नाही. पाठांतराला नियम ठाऊक असतो. तो येथे लागू आहे की नाही, हे पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असते.

आणि येथेच परीक्षेची खरी अडचण सुरू होते. मार्गदर्शकांत हमखास आढळणारा आणखी एक प्रश्न असा : क्ष आणि त्याचा व्यस्त यांची बेरीज तीनाच्या वर्गमुळाइतकी आहे, तर क्षचा अठरावा, बारावा आणि सहावा घात यांच्या बेरजेत १ मिळवल्यास किती येईल? आधीच्याच रीतीने घनांची बेरीज काढावी. तीनाच्या वर्गमुळाचा घन म्हणजे त्या वर्गमुळाची तिप्पट. त्यातून तीच तिप्पट वजा केली की शून्य. म्हणजे क्षचा घन आणि त्याच्या व्यस्ताचा घन परस्परविरुद्ध, म्हणून क्षचा सहावा घात उणे एक. मग बारावा घात एक, अठरावा पुन्हा उणे एक. सर्व मिळून उत्तर शून्य. पर्यायांत शून्य असते. विद्यार्थी खूण करतो आणि पुढे जातो. छत्तीस सेकंदांपैकी दहा वाचलेले असतात.

पण एखादा मुलगा पुढे जात नाही. त्याची लेखणी 'सहावा घात उणे एक' या ओळीवर अडते. सहावा घात म्हणजे घनाचा वर्ग. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण कसा असेल? तो तपासून पाहतो. क्षला १ घेतले तर बेरीज २ येते, २ घेतले तर अडीच, अर्धा घेतला तरी अडीच. धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज दोनाहून कमी कधी होतच नाही. आणि तीनाचे वर्गमूळ तर सुमारे १.७३ आहे. ऋण संख्या घेतली तर बेरीजही ऋणच येते. म्हणजे प्रश्नात सांगितलेली संख्या त्याला ठाऊक असलेल्या संख्यांत कोठेच नाही! तोवर घड्याळाचा काटा दोन मिनिटे पुढे गेलेला असतो.

या मुलाला परीक्षा शिक्षा करते. त्याचा दोष काय? त्याने आकृतिबंध ओळखला, आणि ओळखल्यावरही तो येथे बसतो का, असे विचारले. भास्कराचार्यांच्या मठात हा मुलगा मागे पडला नसता. 'बीजगणिता'त आचार्यांनीच म्हटले आहे की, ऋण संख्या हा कशाचाही वर्ग नसतो, म्हणून तिला वर्गमूळ नाही. त्यांच्यासमोर हा प्रश्न आला असता तर तेही त्या मुलासारखेच त्याच ओळीवर थांबले असते. मार्गदर्शकांचे लेखक मात्र येथे क्ष ही कोणत्या प्रकारची संख्या आहे, याचा एका शब्दाने उल्लेख करीत नाहीत. हा निष्काळजीपणा आहे, आणि तो लाखो मुलांच्या हातांतून जातो.

वेगाची परीक्षा घेऊच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जागा थोड्या, उमेदवार अमाप. कोणत्या तरी चाळणीतून त्यांना जावे लागणारच, आणि एकाच उत्तराला दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण देण्याचा अन्याय वस्तुनिष्ठ प्रश्नांत टळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. आय.आय.टी.च्या संयुक्त प्रवेशपरीक्षेत एके काळी उत्तराची मांडणी लिहून दाखवावी लागे. २००६ पासून ती परीक्षा संपूर्ण वस्तुनिष्ठ झाली. पुढच्या टप्प्यावर निवड झालेल्या अनेकांना चार ओळींची सिद्धता लिहिण्याची वेळच आलेली नसते. २०२१ पासून अभियांत्रिकीची मुख्य प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, ही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनाही समाधानाची गोष्ट आहे. पण क्ष म्हटले काय आणि एक्स म्हटले काय, अडलेल्या लेखणीला उत्तर देणारे माणूस शेजारी नसेल तर भाषेचा उपयोग तेथेच संपतो.

त्या मुलाला उत्तर देता येते, आणि त्यासाठी मोठ्या ग्रंथाचीही गरज नाही. भास्कराचार्यांनी जेथे दार बंद आहे असे सांगितले, तेथे युरोपात सोळाव्या शतकापासून गणिती धडका देत होते. डेन्मार्कच्या अधिपत्याखालील नॉर्वेत जन्मलेले भूमापक कास्पर वेसेल यांनी १७९७ मध्ये आणि पुढे १८०६ मध्ये आर्गां यांनी त्या संख्यांना कागदावर जागा दिली. संख्या केवळ सरळ रेषेवर डावी-उजवीकडे नसतात, तर त्या वळूही शकतात, असे त्यांनी दाखवले. शाळेत यांना संमिश्र संख्या म्हणतात.

अभ्यासिकेच्या भिंतीवरचे घड्याळ यासाठी पुरेसे आहे. काटा बारावर आहे, ही संख्या १ समजावी. बाराच्या नेमकी समोर, सहावर, उणे १ आहे. प्रश्नातल्या क्षने एकदा गुणणे म्हणजे काटा एक तास पुढे सरकवणे. त्याच्या व्यस्ताने गुणणे म्हणजे एक तास मागे नेणे. क्ष स्वतः एकच्या आकड्यावर उभा आहे आणि १/क्ष अकराच्या. दोघांची बेरीज घेतली की एकाचे उजवीकडे झुकणे दुसऱ्याच्या डावीकडे झुकण्याने फिटते आणि उरते ते दोघांचे मिळून बाराच्या दिशेचे अंतर. ते बरोबर तीनाच्या वर्गमुळाइतके भरते. सहा वेळा गुणले की काटा सहावर येतो, म्हणजे उणे एक. बारा वेळा गुणले की पुन्हा बारावर, म्हणजे एक. अठरा वेळा गुणले की पुन्हा सहावर.

बेरीज तीनाच्या वर्गमुळाऐवजी १ दिली असती, तर क्ष दोनच्या आकड्यावर असता आणि तिसऱ्याच गुणाकाराला काटा सहावर आला असता. बेरीज २ दिली असती, तर काटा बारावरून हललाच नसता. आणि त्या पहिल्या मुलीच्या प्रश्नातली ३ ही बेरीज या तबकडीवर कोठेच सापडणार नाही. ती दोनाहून मोठी आहे, आणि तिचा क्ष साध्या मोजपट्टीवर मिळतो.